उलट्या पेडाची वेणी

१

माझ्या लेकीची, मैत्रीची वेणी मीच घालायचे. घरातली बाकी सगळी कामं सम्यकनं आणि मी वाटून घेतली होती, लग्नाआधीच, अगदी भांडी कोण घासणार इथपर्यंत. पण वेणी त्याला कधी जमली नाही. त्यानं घातलेली वेणी जिना उतरेपर्यंत सुटायची. मी डावखुरी. माझे पेड इतरांच्या उलट पडतात, आणि शेवटाला मी रबराचा एक वेढा जास्त घेते. बघणाऱ्याच्या लक्षात यायचं नाही. माझ्या यायचं.

सकाळी खिडकीपाशी स्टूल ठेवायचं, मैत्रीला बसवायचं, केसांना पाणी लावायचं. ती कुरकुर करायची, मी "हलू नकोस गं" म्हणायचे. चार वर्षांची पोर, तिचीही चूक नाही. खिडकीतून कॉलनीचं मैदान दिसायचं. मैदानाच्या कोपऱ्यात, जिथं आम्ही लहानपणी बॅडमिंटनच्या रेषा आखायचो तिथं, बिल्डरनं सॅम्पल फ्लॅट उभा केला होता. वरून बघितला तर नुसती पत्र्याची शेड. समोरून गेलं तर काचेचं दार, दोन कुंड्या, आणि आत मऊ पिवळा उजेड.

आमची इमारत घाटकोपर पूर्वेची, चार मजली, जुनी. छताचे पोपडे पडून सळ्या दिसायला लागल्या होत्या. ती पाडून नवी बांधायला माझा विरोध नव्हता. विरोध होता तो करारनाम्याला. नवं घर कधी देणार याची तारीखच त्यात नव्हती. तारीख नसलेल्या करारावर घर सोडलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांची मुलं भाड्याच्या घरांत मोठी झाली. घर माझ्या बाबांचं, धम्मपाल यांचं. ते गेल्यावर माझ्या नावावर झालं. त्यामुळे संमतीपत्रावर सही लागणार होती ती माझी. आणि मी करत नव्हते म्हणून बाकीचेही थांबले होते. दीप्तीनं केली की आम्ही करू, असं सगळे बिल्डरच्या माणसांना सांगायचे. मला त्याचा अभिमान होता. कशाला खोटं बोलू.

१४ एप्रिलच्या मांडवात मी माईक घेतला आणि सगळ्यांकडून शब्द घेतला की तारीख लेखी मिळेपर्यंत त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणीही पाऊल टाकायचं नाही. बघायलासुद्धा नाही. मी ज्युनिअर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते, समजावून सांगायची सवयच आहे. असल्या फ्लॅटमध्ये पलंग, सोफा, टेबल सगळं मुद्दाम मापापेक्षा लहान बनवतात, म्हणजे खोली मोठी वाटते, असं मी सांगितलं. आत गेलात की आधी डोळे फसतात, मग डोकं. सगळ्यांनी हात वर केले. सम्यकनं कडेवरच्या मैत्रीचाही हात धरून वर केला, आणि लोक हसले.

मे महिन्यात एकदा मी वकिलांना भेटून संध्याकाळी घरी आले. थोड्या वेळानं सम्यक मैत्रीला मैदानातून खेळवून वर घेऊन आला. तिची वेणी नव्यानं घातलेली होती. केस ओले. पेड उलटे. रबराला एक वेढा जास्त.

२

सम्यकला विचारलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला की अक्षतानं घातली असेल. अक्षता खालच्या मजल्यावर राहते. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. मी लगेच खाली गेले. मला थांबवत नाही, हा माझा दोष सगळ्यांना माहीत आहे.

अक्षतानं दार उघडलं आणि मी पुरतं विचारायच्या आत ती हो म्हणाली. "हो, मीच घातली, सुटली होती म्हणून." मी मैत्रीला बरोबरच नेलं होतं. वेणी सोडली आणि म्हटलं, घाल बघू परत, मला शिकव तुझी पद्धत. तिनं घातली. तिचे पेड सरळ पडले. आम्ही दोघींनी ते बघितलं.

"काय यार दीप्ती," ती म्हणाली. "वेणीच आहे ना ती."

मी वर आले आणि स्वतःला समजावलं. जगात डावखुरी माणसं काय कमी आहेत. कॉलनीतल्या कुणा मुलीनं खेळता खेळता घातली असेल. पण ती वेणी माझ्यापेक्षा बारीक होती आणि घट्ट. पेड इतके नाजूक की लहान बोटांनीच पडावेत, आणि इतके सारखे की लहान मुलीला जमू नयेत.

मग रोजच होऊ लागलं. सकाळी मी घालायचे ती वेणी संध्याकाळी बदललेली असायची. सम्यक घरी यायचा तो जेवायला नको म्हणत. त्याच्या शर्टाला तिळाचं कूट घातलेल्या भरल्या वांग्याचा वास यायचा. तसं वांगं आमच्या घरी मी करते. करायचे. एप्रिलपासून वेळच झाला नव्हता. रोज सभा, रोज घोषणा. माझा आवाज कायमचा बसल्यासारखा झाला होता, आणि घरात आम्ही वरण-भातावर भागवत होतो.

कुठल्याही बाईला जे सुचेल तेच मला सुचलं. दुसरी कुणीतरी आहे. माझी मलाच लाज वाटली. मोकळेपणानं, विश्वासानं जगायचं असं आम्ही ठरवलं होतं. मी त्याच्या खिशांना हात लावला नाही, फोन बघितला नाही. फक्त आंघोळीला गेला की त्याचा शर्ट नाकाशी धरायचे.

३

एका रविवारी आम्ही भाड्याची घरं बघायला निघालो. सम्यकचा आग्रह होता. मैत्रीच्या अंथरुणाशेजारी छताचा तुकडा पडला होता, आणि त्यावर मला बोलता येण्यासारखं काही नव्हतं.

मुलुंडला पहिलं घर झकास होतं. हवा, उजेड, खाली बाग. मालकीणबाईंनी सरबत दिलं, मैत्रीचा गाल ओढला, मग आडनाव विचारलं. मग नॉनव्हेज खाता का, असं. मग त्यांना आठवलं की घर पुतण्याला द्यायचं ठरलंय. दुसऱ्या घरी तर दलालानंच जिन्यात सांगितलं, साहेब, आडनाव आधी सांगायचं ना, फेरी वाचली असती. मी तिथंच त्याला सुनावलं. कायदा सांगितला, कलम सांगितलं, नाव लिहून घेतलं. वरच्या मजल्यांवरून लोक वाकून बघायला लागले. मैत्री रडायला लागली. सम्यक मला दंडाला धरून खाली घेऊन आला. तेवढ्यासाठी मी अजूनही माफी मागणार नाही. तिसरं घर मानखुर्दला होतं, तिथं गेलोच नाही.

 परतीच्या रिक्षात, पंतनगरच्या सिग्नलला, तो बोलला.

"तू बरोबर असतेस गं. दर वेळी. मला फक्त अशा घरात बसायचंय जिथं कुणी काही विचारत नाही."

मी त्याचा हात हातात घेतला. म्हटलं, मिळेल, लढून मिळेल. त्यानं हात काढला नाही, पण तो हात माझ्या हातात नुसता पडून राहिला, कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

घरी आल्यावर मी वरण-भात कालवत होते. मैत्री ताटापाशी बसली होती, पाय हलवत.

"मोठी आई, पाणी," ती म्हणाली.

आमच्यात मोठी आई म्हणावं असं कुणी नाही. सम्यकला मोठा भाऊ नाही. तिनं माझ्याकडेच बघून म्हटलं होतं, सहज, रोजचं असल्यासारखं. मी सम्यककडे बघितलं. तो उठून पाणी आणायला गेला.

४

त्या आठवड्यात विहाराच्या हॉलमध्ये सभा होती. दर वेळी तिथं नुसता गोंधळ असतो. कोणी पार्किंगवरून, कोणी टाकीवरून, आणि मागच्या रांगेतले शिवदासकाका तर प्रत्येक मुद्द्यावर उभे राहून "वाट लागली" एवढंच म्हणून बसतात. या वेळी कुणी बोललं नाही. मी वकिलांचा निरोप सांगितला, पुढचं सांगितलं, प्रश्न विचारा म्हटलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, कंटाळाही नव्हता. पोट भरलेल्या माणसाला कुणी आग्रह करावा आणि त्यानं हसून मान हलवावी, तसं काहीतरी. शिवदासकाका म्हणाले, तू म्हणशील तसं बेटा. आणि त्यांनी शेजारी बसलेल्या अक्षताकडे बघितलं, आणि दोघं किंचित हसले.

बाहेर मी तिला गाठलं. आपल्यातलं कुणी त्या शेडमध्ये जातंय का, असं सरळच विचारलं. तिनं माझ्या गालावर हात ठेवला, शाळेत असताना ठेवायची तसा, आणि म्हणाली, तू फार थकली आहेस, झोपत जा. जाताना ती काहीतरी गुणगुणत होती. अक्षताचा नवरा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

घरी जाऊन मी सम्यकला विचारलंच. कोण आहे ती. मैत्री आत झोपली होती. मला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल, रडेल. मी सगळ्याची तयारी केली होती.

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत कीव होती.

"तिचं तुझ्याशी काही भांडण नाहीये," तो म्हणाला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. सम्यकचं त्या दिवशी काम घरूनच होतं, पण त्याचा लॅपटॉप टेबलावर उघडा आणि काळा पडलेला. मैत्रीच्या सॅंडल नव्हत्या. मी खिडकीत गेले. मैदान उन्हानं पांढरं पडलं होतं. एकही मूल खेळत नव्हतं. शेडच्या काचेच्या दाराबाहेर काहीतरी काळंपांढरं पसरलेलं दिसत होतं.

मी खाली गेले. त्या चपला होत्या. दोन कुंड्यांच्या मधे, ओळीनं लावलेल्या, एखाद्याच्या घरी जयमंगल गाथेच्या पाठाला जमल्यावर लावतात तशा. आपली माणसं. पायातलं काढल्याशिवाय कुणाच्या घरात जायची नाहीत. शिवदासकाकांची अंगठा तुटून शिवलेली. अक्षताची निळी. चौथ्या मजल्यावरच्या नवीन सुनेची मोजडी. माईकपुढे हात वर करणाऱ्या बहुतेक सगळ्यांची पायताणं तिथं होती, आणि मी एकेक ओळखत गेले. शेवटी सम्यकच्या फ्लोटर्स, आणि त्यांच्या आत ठेवलेल्या, हरवू नयेत म्हणून, मैत्रीच्या सॅंडल.

मी चप्पल न काढता आत गेले.

गार हवा अंगावर आली. चौकशीच्या टेबलामागची मुलगी जागेवर नव्हती. पुढं दिवाणखाना. मीच सगळ्यांना सांगितलं होतं तसाच: सोफा गुडघ्याच्याही खाली, टीपॉय पाटासारखा, भिंतीवर टीव्हीच्या जागी चिकटवलेला काळा कागद. मला बरं वाटलं. पुठ्ठ्याचं, खोटं, मापात चोरलेलं. इतक्या चपला बाहेर आणि आत एकही माणूस नाही, हे मला त्यानंतर सुचलं.

मग नळ वाहिल्याचा आवाज आला. त्या शेडला पाण्याची जोडणी नाही. माहितीच्या अधिकारात तो कागद मीच काढला होता. मी स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर गॅसचं चित्र होतं, शेगडी नव्हती, नळ कोरडा होता. पाणी भिंतीपलीकडे वाहत होतं. आणि एकट्या पाण्याचाच नव्हे, भांड्यांचा, पंख्याचा, कुकरच्या शिट्टीचा, कुणीतरी कुणालातरी जेवायला हाक मारल्याचा, असे एकात एक मिसळलेले घराघरांतले आवाज येत होते. शिवदासकाकांचं खोकणं मी ओळखलं. त्यांना "अहो, घोटभर पाणी घ्या" म्हणणारी बाई मी ओळखली नाही. ओळखली. त्या काकूंच्या मयतीला मी गेले होते.

मी स्वतःला सांगितलं की हे स्पीकर आहेत. गिऱ्हाइकाला घर भरलेलं वाटावं म्हणून लावतात. मग मला सम्यकचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी. लग्नाआधी आम्ही गोराईला फेरीबोटीनं जायचो तेव्हाचं, पोटातून येणारं.

बोळाच्या टोकाशी बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं.

मैत्री पाठमोरी बसली होती, स्टुलावर. सम्यक पलंगावर मांडी घालून बसला होता आणि पलंग त्याला पुरत होता. कसा पुरत होता ते मला सांगता येत नाही. पलंग लहानच होता. मैत्रीच्या मागे जी होती ती दाराच्या आड होती. मला फक्त दोन हात दिसले. ओल्या केसांत चालणारे. डाव्या मनगटावर कुकरच्या वाफेनं भाजल्याचा डाग होता, माझ्या मनगटावर आहे तोच, पण नखाएवढा. मी माझा हात पाठीमागे लपवला. का, ते माहीत नाही.

"हलू नकोस गं," ती म्हणत होती. आवाज माझा होता. एप्रिलच्या आधीचा.

सम्यकनं मान वळवली आणि मला बघितलं. तो दचकला नाही. 

"कोण आहे रे?" हात न थांबवता तिनं विचारलं.

सम्यक माझ्याकडेच बघत होता.

"कोणी नाही," तो म्हणाला.

मैत्री उतरली आणि दाराशी आली. मी खाली बसले, हात पुढे केले. म्हटलं, चल बाळा. म्हणजे म्हटलं असावं. नुसती हवा बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं. ओळखलं तिनं मला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे मुलं बघतात तसं बघितलं, थोडं लाजून.

"गार हवा जाते," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी दार लावून घेतलं.

मी दार ढकललं. मूठ आपटली. प्लायवूडचं पोकळ दार, एका लाथेनं मोडावं असं, आणि ते हललंसुद्धा नाही. आतलं पाणी वाहत होतं, कुणीतरी ताटं मांडत होतं. मला बाबा आठवले, कॉलनी आठवली, मांडवातले सगळे हात आठवले, आणि हेही सांगून टाकते की त्या क्षणी त्यातलं काहीच मला नको होतं.

"सम्यक," मी दाराला तोंड लावून म्हटलं. "मी सही करते. आत्ता करते. तारीख नको, काही नको. मैत्रीला घेऊन बाहेर ये."

आतला नळ बंद झाला. ताटांचा आवाज थांबला. भिंतींपलीकडची सगळी घरं एकदम गप्प झाली, ऐकायला थांबल्यासारखी.

मला वाटलं सम्यक बोलेल. पावलं दाराशी आली, पण ती हलकी होती. दाराच्या अगदी पलीकडून, माझ्या छातीच्या उंचीवरून, माझा आवाज आला. दारावर आलेल्या अनोळखी बाईशी आपण बोलतो तसा, सौजन्यानं.

"सही झाली आहे," ती म्हणाली. "सकाळीच केली मी. तुम्ही निघा आता, मुलीला झोपवायचंय."